समुद्रकाकडी सोडून टेकोड्यांच्या मागे: वाशीम, केनवड, इंझोरी

पावसाळ्यात माझं काम थंडावतं. मी रत्नागिरीला समुद्रकाकडीवर संशोधन करते, आणि या दिवसांत किनाऱ्याचं पाणी इतकं गढूळ असतं की बुडी मारली तरी स्वतःचा हात दिसत नाही. (नव्या वाचकांसाठी: समुद्रकाकडी ही भाजी नव्हे. वीतभर लांबीचा मऊ, काळसर प्राणी आहे. तळाशी पडून वाळू गिळतो, तिच्यातला कुजका अंश पोटात ठेवतो आणि स्वच्छ वाळू मागे टाकतो. कोशिंबिरीचे सगळे विनोद ऐकून झालेले आहेत.) तर असे रिकामे दिवस चालू असताना, श्रावणाच्या शेवटी सुजाताचा फोन आला.

"तुझा समुद्र बंद असंल, पण माझं रान चालू हाये," ती म्हणाली. "पाऊस होऊन मस्त ऊन पडून राह्यलं. टेकोडे निघतील. ये तू."

टेकोडे म्हणजे वारुळांवर उगवणारी रानातली अळंबी. सुजाता आणि मी एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. केली. दोघींचाही विषय समुद्रकाकडी. मी तिची वस्ती आणि सवयी अभ्यासायची, आणि सुजाता तिच्या त्वचेतल्या शर्करेच्या लांब साखळ्या वेगळ्या काढून सूज कमी करण्याचा गुण त्यांच्यात कितपत आहे ते तपासायची. बारीक कामाला तिचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला. पदवी मिळाली आणि ती तिच्या जिल्ह्यात परतली, वाशीमच्या एका महाविद्यालयात शिकवू लागली. समुद्र तिथून कुठल्याच दिशेला जवळ नाही. मग तिनं तशाच साखळ्या खाण्याच्या अळंबीत शोधायला घेतल्या.

मी लगेच हो म्हटलं त्याला आणखी एक कारण होतं. आमच्या संस्थेत संशोधकाची एक जागा निघाली होती. नवं यंत्र, स्वतंत्र खोली, किनाऱ्यापासून चालत जाण्याइतकं अंतर. ती जागा सुजाताचीच आहे असं मला मनापासून वाटत होतं. फोनवर सांगितलं तर ती हसून विषय बदलणार हे ठाऊक होतं. म्हटलं, समोर बसून सांगू आणि तिला घेऊनच येऊ.

अकोल्याहून वाशीम

रत्नागिरीहून पुणे एसटीनं, पुण्याहून रात्रीच्या रेल्वेनं अकोला. शेगाव स्टेशनवर कचोरीवाले डब्यात शिरतात, तेव्हा झोपेत असाल तरी वासानं जाग येते. अकोल्याहून वाशीमला रेल्वेही जाते, पण वेळ जुळत नसेल तर सरळ बसस्थानक गाठा. वाशीम-हिंगोलीकडच्या गाड्या सारख्या सुटतात आणि बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पातूर सोडलं की घाट लागतो. या दिवसांत तिथलं जंगल असं गच्च हिरवं असतं की खिडकीची जागा मिळाली तर कोणालाही देऊ नका. घाट संपला की सोयाबीन. नजर पोचेल तिथपर्यंत सोयाबीन, मधून तुरीच्या ओळी.

शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे पाहून विचारलं, "कोणाकडे चालल्या बाई?"

"मैत्रिणीकडे. टेकोडे बघायला."

"पाह्याले?" त्यांना काही केल्या पटेना. "खायाले नाई?"

"खायलाही."

"हां, मंग ठीक हाये," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

वाशीमच्या बसस्थानकावर सुजाता उभी होती. केस थोडे पिकलेत, बाकी तीच. ऑटोत बसल्या बसल्या तिनं मला वेठीला धरलं. "तुले आज माझ्या पोरांसमोर बोलायचं हाये. त्याईनं समुद्रच पाह्यला नाई, समुद्रकाकडी कुठून पाह्यतील?"

महाविद्यालयाची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. वीज जाते म्हणून फ्रिजला वेगळी बॅटरी. निर्जंतुक करायच्या मोठ्या यंत्राऐवजी लग्नाच्या पंगतीला शोभेल असा प्रेशर कुकर. या खोलीत काम होतं तरी कसं, असं मनात आलं. पण पुढे सुजातानं काचेच्या नळ्यांमध्ये जपलेल्या अळंबीच्या वाणांची रांग दाखवली आणि मी वाकून एकेक नळी पाहू लागले. प्रत्येक नळीत पांढऱ्या धाग्यांची नाजूक जाळी, एकाही नळीत भलती बुरशी नाही. आमच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत इतक्या स्वच्छ नळ्या मी पाहिल्या नव्हत्या.

मी चित्रं आणि चित्रफिती दाखवल्या. समुद्रकाकडी घाबरली की स्वतःची आतडी बाहेर टाकते आणि पुढे नवी उगवते, हे सांगितल्यावर वर्गात एकदम गलका झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, माती खाते अन् चांगली माती टाकते. म्हंजे आमच्या गांडुळावानीच झालं ना?"

"अगदी तसंच," मी म्हटलं. इतकी वर्षं मी लोकांना हे समजावत आलेय आणि एवढं सोपं मला कधी सुचलं नव्हतं.

एका मुलानं विचारलं की अळंबी आणि समुद्रकाकडीच्या भुकटीनं कॅन्सर बरा होतो, असा व्हिडिओ त्याच्या काकांनी पाठवलाय, ते खरं का. सुजातानं स्वतः उत्तर दिलं. "काचेच्या ताटलीतल्या पेशीवर एखादी गोष्ट चालली म्हंजे ते माणसाचं औषध होत नाई. त्याच्या मधात लय मोठा रस्ता हाये. काकाले सांग, दवाखाना सोडू नका. टेकोडे चांगले हायेत म्हणून खा, भाजी म्हणून खा."

केनवड

संध्याकाळच्या बसनं मालेगावमार्गे (हे वाशीमचं मालेगाव, नाशिकचं नव्हे) केनवडला गेलो. रिसोड तालुक्यातलं हे मोठं गाव, बाजार रस्त्यालगतच. सुजाताच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ताजी फुलं. तिच्या आई, ज्यांना मी मावशी म्हणते, दारातच "जयभीम" म्हणाल्या आणि लगेच "लय वाळली वं तू" असं म्हणत हात धरून चुलीपाशी घेऊन गेल्या. ज्वारीची भाकर, पाटवडीचा रस्सा आणि ठेचा. ठेचा जपून घ्या. पहिल्या घासाला काही वाटत नाही.

घरामागच्या जुन्या गोठ्यात सुजाताचं खरं काम चालतं. ओल्या गोणपाटाचे पडदे, आत मंद उजेड, आणि छतापासून दोरीनं टांगलेल्या सोयाबीनच्या कुटाराच्या पिशव्या. मळणीनंतर उरलेल्या काड्या-शेंगांच्या भुशाला इकडे कुटार म्हणतात. त्या पिशव्यांच्या भोकांतून गुलाबी ढिंगरी अळंबीचे झुपके बाहेर आलेले, फुलासारखे.

"आमच्या बैलाच्या तोंडचं कुटार हिनं पळवलं," मावशी म्हणाल्या. "बैलं हिच्याकडे पाहून राह्यले अन् ही टेकोड्याकडे."

ही ढिंगरी सुजाताला शिवारातल्या एका वाळक्या पळसाच्या खोडावर सापडली. इथला उन्हाळा बाहेरच्या वाणांना सोसत नाही. मार्चनंतर पिशव्या नुसत्या काळ्या पडतात. हा पळसावरचा वाण मात्र एप्रिलमध्येही झुपके धरतो, लहान का होईना. आता ती त्याच्यातल्या शर्करा तपासतेय आणि जोडीनं आसपासच्या बायकांना तो वाढवायला शिकवतेय. एका वर्षी हिरवी बुरशी शिरली आणि सगळ्या पिशव्या जाळाव्या लागल्या. "त्या दिवशी इथंच बसून रडली मी," ती सहज म्हणाली. "मंग नळीतून परत सुरू केलं."

मी जागेचा विषय काढणार होते. पण ती पिशव्यांवर पाणी शिंपडत होती, एकेक झुपका हातानं वर करून बघत होती. म्हटलं, उद्या.

इंझोरी

सुजाताचं दुसरं काम म्हणजे जिल्ह्यातली रानातली खाण्याजोगी अळंबी कुठे, कशी, कधी उगवते त्याची नोंद करणं. त्यासाठी सकाळी आम्ही निघालो. केनवडहून वाशीम, तिथून मंगरूळपीर आणि पुढे शेअर जीपनं इंझोरी. दिवसाच्या पोटात एवढा प्रवास बसतो, फक्त सकाळची पहिली बस चुकवू नका. मंगरूळपीरला तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे काही मिळेलच असं नाही.

इंझोरीत सुजाताच्या ओळखीच्या हिराकाकू राहतात. साठी उलटलेल्या, शेतकरी घरातल्या, चालायला आमच्यापेक्षा चपळ. त्यांच्यासोबत आम्ही बांधाबांधानं निघालो. एका वारुळाच्या कडेला पांढऱ्या छत्र्यांचा थवाच उगवलेला. काकूंनी काडीनं हळूच माती सैल केली आणि एक टेकोडा वर काढला. वर हाताएवढा देठ आणि खाली तेवढीच लांब, निमुळती होत गेलेली मुळी.

"ही मुळी खाली उधईच्या घरापर्यंत जाते," सुजाता मला म्हणाली. उधई म्हणजे वाळवी. "वाळवी स्वतःसाठी ही बुरशी पेरते, पाळते. आपल्याले मिळते ती तिच्या शेतावरची वरकड. म्हणून ही प्रयोगशाळेत वाढवता येत नाई. मी प्रयत्न करून थकली."

"मुळी पाह्यल्याबिगर मी घेतच नाई," काकू म्हणाल्या. "माझ्या सासूनं तसंच शिकवलं."

टोपली भरून घरी आलो. काकू चूल पेटवत होत्या, तेवढ्यात त्यांचे यजमान नामदेवकाका एक झाकलेलं पातेलं घेऊन आत आले. चेहरा उजळलेला. शेजारच्या घरातून पाठवलं म्हणाले. शेजारच्या शोभानं, म्हणजे तिथल्या सुनेनं, स्वतः टेकोडे वेचले आणि "पाहुणे आलेत तं तुमाले बी" म्हणून दिले. काकू हातातली फुंकणी धरून तशाच उभ्या राहिल्या. मला काही कळेना. सुजातानं हळू आवाजात सांगितलं: बांधावरून या दोन घरांचं बोलणं बंद आहे. कित्येक पावसाळ्यांत या घरातून त्या घरात वाटीभर ताकही गेलेलं नाही.

काकूंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. मोठ्या, पांढऱ्या, मांसल टोप्या, स्वच्छ धुतलेल्या, देठ कापून टाकलेले. "किती मोठे हायेत, पाहा!" त्या म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले.

सुजातानं एक टोपी उचलली. उलटी केली, सुलटी केली, खिडकीपाशी नेली. वरच्या बाजूला तपकिरी खपल्या होत्या. तिचा चेहरा बदलला.

"काकू, हे चुलीवर ठेवू नका."

"काहून वं?"

"मले हे टेकोडे वाटून नाई राह्यले. यासारखंच दिसणारं एक असते, त्यानं उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जाते. लहान लेकराले तर लयच वाईट. देठ असता तं लगेच सांगितलं असतं."

"आता हे मी परत पाठवू?" काकू खाली बसल्या. "इतक्या दिवसानं त्याईनं हात पुढे केला, अन् मी म्हणू का तुमी इख पाठवलं?"

नामदेवकाका म्हणाले, "पाठवू नका अन् खाऊ बी नका. गुपचूप पुरून टाकू. कोणाले कळते?"

मला तो तोडगा चांगला वाटला, खरंच. पण सुजाता चप्पल घालत होती. "काका, जेवढं तुमाले दिलं तेवढंच त्याईच्या बी घरी असंल. ते आता रांधत असतील."

आम्ही जवळजवळ धावतच गेलो. शेजारच्या अंगणात शोभा कांदा चिरत होती, तिची लहानगी लेक शेजारी खेळत होती. चुलीवर तेल तापत ठेवलेलं. ओसरीवर सासूबाई, गुडघ्यांना तेल लावत. सुजातानं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि हात जोडून म्हणाली, "आजी, एवढं भाजीचं थोडं थांबवा."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हिरीनं पाठवलं ना तुले? आमचं अन्न तिच्या घशाखाली उतरत नाई."

"नाई आजी. काकूले तर तुमचं पातेलं पाहून रडू आलं."

"आमी बापजाद्यापासून टेकोडे खाऊन राह्यलो. तू कोणाची गं? कुठची?"

"केनवडची." तिनं आडनावही सांगितलं. सासूबाईंनी तिला पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मला तो क्षण फार लांब वाटला. सुजाता मात्र शोभाकडे वळली. "ताई, हे कुठी भेटले तुमाले?"

"उकिरड्याच्या मागे," शोभा घाबरून म्हणाली. "मी शहरातली, मले काय समजते? आई म्हणाल्या मोठे पांढरे आण."

"तुमची काईच चूक नाई. हे शिकलेल्याले बी फसवते." मग ती पुन्हा सासूबाईंपुढे बसली, जमिनीवर. "आजी, माझ्या बोलण्यावर विश्वास नका ठेवू. मले दोन पांढऱ्या बश्या द्या अन् ऊन कलेपर्यंतचा वेळ. मी इथंच बसते. माझं खोटं निघालं तं सगळ्यात आधी मी खाईन."

बश्या आल्या. एकीवर काकूंच्या टोपलीतल्या टेकोड्याची टोपी, दुसरीवर उकिरड्यामागची. दोन्ही पालथ्या, वर पेले झाकलेले. अळंबी आपली बीजं पिठासारखी खाली सांडते, आणि त्या पिठाचा रंग जातीप्रमाणे वेगळा असतो. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन अळंबी तिथे वेगळ्या पडतात. पण त्याला वेळ लागतो, आणि घाई करता येत नाही.

आम्ही थांबलो. शोभानं तेलाची कढई उतरवली. गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन बसल्या. कोणीतरी मला विचारलं, मी काय करते. मी समुद्रकाकडीबद्दल सांगितलं, आणि सासूबाईंचाही गुडघ्यावरचा हात थांबला. "आतडं टाकून देते अन् परत उगवते? मंग माझे गुडघे उगवतीन का तिच्यानं?" सगळ्या हसल्या. सुजाता म्हणाली, "आजी, तेच शोधून राह्यलो आमी दोघी. अजून सापडलं नाई. सापडलं असं कोणी म्हणलं तं पैसे देऊ नका."

मग अंगणाच्या फाटकाशी हिराकाकू आल्या. हातात चहाची किटली. आत यावं की नाही, अशा तिथेच थबकल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण शोभाला म्हणाल्या, "बसाले दे." काकू ओसरीच्या काठावर बसल्या. चहा ओतला गेला. दोघी म्हाताऱ्या दोन टोकांना, मध्ये झाकलेल्या बश्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा सुजाता म्हणाली, "आजी, तुमीच उचला."

सासूबाईंनी आधी काकूंच्या टेकोड्यावरचा पेला काढला, टोपी उचलली. बशीवर नाजूक रेघांचं चक्र, फिकट गुलाबीसर. मग दुसरी टोपी. खाली तसंच चक्र, पण मळकट हिरवं. शेवाळासारखं.

सासूबाईंनी हिरव्या बशीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि मग अंगणात खेळणाऱ्या नातीकडे. "माय वं," त्या एवढंच म्हणाल्या. शोभा पदराच्या आड रडायला लागली. तेव्हा हिराकाकू उठल्या, तिच्यापाशी जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको बाई. तू आमाले आठवलं, तेच लय झालं. सकाळी माझ्यासंगं रानात चाल. मुळी कशी पाह्याची ते दावते तुले."

उकिरड्यामागची सगळी अळंबी सासूबाईंनी स्वतः उभं राहून पुरायला लावली, पातेली राखेनं घासायला लावली. काकूंनी आपली टोपली दोन घरांत वाटली. पण शेवटी दोन चुली पेटल्याच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, सगळ्यांचं इथंच होऊ दे. कांदा, लसूण, घरचं तिखट, बस. रानातल्या टेकोड्याला मटणासारखा चावा असतो आणि मागे ओल्या मातीचा वास. त्याला दुसरा मसाला लागत नाही. पानं आत, स्वयंपाकघरात मांडली होती. सुजाता दाराशी जराशी थांबली. सासूबाईंनी आपल्या शेजारचा पाट हातानं पुढे सरकवला. "ये वं केनवडची. तू इथं बस."

मी आजवर खाल्लेल्या जेवणांत ते जेवण फार वरच्या जागेवर आहे.

(हे वाचून कोणी रानात अळंबी वेचायला निघणार असेल तर हात जोडून विनंती: निघू नका. अशा बश्या एक खूण सांगतात, सगळं सांगत नाहीत. जाणकार सोबत असल्याशिवाय रानातलं काही तोंडात घालू नका.)

परतीच्या आधी

मुक्काम इंझोरीतच झाला. सकाळी निघताना फाटकातून पाहिलं, तर हिराकाकू आणि शोभा बांधाकडे चाललेल्या. वाशीमच्या बसमध्ये मी अखेर विषय काढला. जागा, यंत्र, खोली, समुद्र, सगळं सांगितलं. सुजातानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"खोटं नाई बोलत," ती म्हणाली. "मोह होते. ते यंत्र डोळ्यासमोर येऊन राह्यलं. अन् समुद्राची आठवण तर लय येते. इथं पाऊस जोरात आला की मी डोळे मिटून आवाज ऐकते."

"मग चल ना. तुझी हुशारी त्या कुकरवर वाया..." काल दुपारनंतर ते वाक्य मलाच पूर्ण करवेना.

"मी गेली तं त्या पळसावरच्या वाणाचं काय? नळीत राहीन तो, पण पिशवीत कोण भरंल? अन् त्या आजीनं पुढच्या पावसाळ्यात बोलावलं हाये, साऱ्या गल्लीतल्या बायाईले बसवते म्हणाली." ती खिडकीबाहेर पाहत होती. "मले यायचं नाई असं नाई. मले इथून जायचं नाई."

मला वाईट वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण मंगरूळपीर मागे पडेपर्यंत आम्ही दोघी दुसऱ्याच हिशेबाला लागलो होतो: तिच्या ढिंगरीतल्या शर्करा ती इथे वेगळ्या करेल, वाळवून पाठवेल, आणि त्यांची रचना आमच्या यंत्रावर मी तपासेन. परवानगीनं घेतलेल्या समुद्रकाकडीच्या बारीक तुकड्यांतल्या शर्करा माझ्याकडे आहेतच. एकाच कसोटीवर दोन्ही शेजारी शेजारी. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती महिनाभर रत्नागिरीला येईल, यंत्र स्वतः हाताळायला. वाशीम येईपर्यंत ती इतकी बोलत होती की कंडक्टरनं दोनदा मागे वळून पाहिलं.

मावशींनी मला देण्यासाठी वाळवलेल्या ढिंगरीची पिशवी वाशीमच्या बसस्थानकावर कोणाच्या तरी हाती पाठवली होती. बरोबर निरोप: रत्नागिरीचे मासे पाहिजेत, वाळके.

घरी

जाताना मला वाटत होतं की वाशीमला पाहण्यासारखं काय असणार. आता कोणी विचारलं तर सांगेन: भाद्रपदाच्या तोंडी जा, अकोल्याहून बसनं जा, ओळखीचं माणूस शोधा आणि परतीचं तिकीट एक दिवस सैल ठेवा. हिरवाई पाहायला मिळेल, जेवण चांगलं मिळेल. पण माझ्या डोक्यात राहिली ती ओसरीवरची दुपार. सुजाताला उत्तर बहुधा आधीच माहीत होतं. तरी ते तिनं सांगितलं नाही. समोरच्यांच्या डोळ्यांना दिसेपर्यंत ती त्यांच्यासोबत जमिनीवर बसून राहिली.

आमच्याकडे पाऊस सरून मासेमारीनं जोर धरला की संस्था दरवर्षी सभागृहात कार्यक्रम घेते. जाळ्यात आलेली समुद्रकाकडी जिवंत परत सोडा, तिला कायद्याचं संरक्षण आहे, वगैरे. पडद्यावर चित्रं, शेवटी चहा-बिस्किटं. लोक टाळ्या वाजवून जातात. यंदा मी सभागृह घेतलं नाही. जेटीवर गेले. एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, जाळ्यात नुकतीच एक समुद्रकाकडी आली होती. त्याचंच घमेलं मागून घेतलं, समुद्राचं पाणी भरलं, तळाशी मळकी वाळू पसरली, तिला आत सोडलं आणि शेजारी पायऱ्यांवर बसले. आधी दोघं-तिघं होते, मग टोपल्या घेतलेल्या बायकाही थांबल्या. तिला हालचाल करायला फार वेळ लागतो. ऊन चढलं, मासे विकले गेले, माणसं जात-येत राहिली. मग तिच्या मागच्या बाजूनं स्वच्छ वाळूचं एक बारीक वेटोळं हळूहळू बाहेर आलं.

तांडेल वाकून बघत होता. बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे ही खालचं अंगण झाडते," तो म्हणाला.

त्यानं घमेलं दोन्ही हातांनी उचललं, पाणी हिंदकळू न देता होडीत ठेवलं. म्हणाला, जिथं जाळं टाकलं होतं तिथंच सोडून येतो. आणि त्यानं होडी परत समुद्राकडे वळवली.